मोदक, मॉनिटर आणि ताई : मुलांच्या मंचावरच्या पल्लवी जोशी

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक. पंखा थोडा कमी केलात तर बरं, कागद उडतायत.

या व्याख्यानमालेत आधी टिळकांवर बोलून झालं, नाट्यसंगीतावर झालं, कोकणातल्या नाटकवेड्या गावांवर झालं. आता आम्ही उभे राहिलोय आणि विषय सांगतोय, मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाची सूत्रसंचालिका. संयोजकांनी विषय ऐकल्यावर विचारलं, “यावर तासभर बोलण्यासारखं काय आहे?” (हशा) त्यांचा प्रश्न आम्हाला रास्त वाटला. आपल्याकडे नाटकाची समीक्षा होते, गाण्याची होते, मालिकांना शिव्या घालायचं काम तर घरोघरी चालतं. पण मुलांसाठी मंचावर कोण उभं राहिलं, ते मुलांशी काय बोललं, बोललेल्याचं पुढे काय झालं, याची समीक्षा मराठीत आम्हाला फारशी सापडली नाही. म्हणून आज ती थोडीशी करून बघू. आणि या विषयात आमचं स्वतःचंही एक देणं आहे, ते शेवटी सांगू.

८ फेब्रुवारी २००९. रविवार. इथं बसलेल्यांपैकी तिशी ओलांडलेल्या बहुतेकांना ती रात्र आठवत असेल. झी मराठीवर ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ची महाअंतिम फेरी होती. पाच मुलं होती. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत आणि आपल्या जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे. आरवलीचा. शिरोडा-आरवली नव्हे हं, संगमेश्वराकडची, महामार्गावरची आरवली. आमच्या आळीत ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होता त्यांच्या ओटीवर चाळीसेक माणसं. भारनियमनाचे दिवस होते ते. वीजनिर्मितीचा एवढा मोठा प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात, आणि वीज जाईल म्हणून आपणच धास्तावलेले. ज्या आजोबांनी जन्मात कधी एसएमएस केला नव्हता त्यांनी नातवाकडून शिकून घेतला. कार्तिकी जिंकली. आमच्या आळीतली दोन-तीन माणसं जेवलीच नाहीत त्या रात्री. (हशा) हसू नका, खरंच.

त्या मंचावर परीक्षक होते अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. वाद्यवृंद कमलेश भडकमकरांचा. अमर ओक यांची बासरी, सत्यजित प्रभू यांचा की-बोर्ड, निलेश परब यांची ढोलकी, हीही नावं त्या काळात घराघरांत गेली. आणि या सगळ्यांच्या मधोमध, मुलांच्या सगळ्यात जवळ, पल्लवी जोशी.

आज विशीतल्या पोरांना विचाराल तर पल्लवी जोशी म्हणजे ‘द ताश्कंद फाइल्स’ आणि ‘द कश्मीर फाइल्स’. या दोन्ही चित्रपटांसाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटांवर वाद झाले, होत राहतील. तो आजचा विषय नाही. आमच्या वयाच्या लोकांना त्या दूरदर्शनवरून आठवतात. ‘मिस्टर योगी’, ‘भारत एक खोज’, ‘मृगनयनी’. मग ‘आरोहण’, जी त्यांनी स्वतः निर्माण केली आणि नौदलात शिरणाऱ्या मुलीचं काम केलं. श्याम बेनेगलांच्या ‘सूरज का सातवाँ घोडा’त होत्या, ‘द मेकिंग ऑफ द महात्मा’मध्ये कस्तुरबा झाल्या. ‘वो छोकरी’साठी राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष ज्युरी पुरस्कार. मराठीत ‘असंभव’च्या निर्मितीत त्या होत्या. एवढी मोठी यादी. त्यात मुलांच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन हा भाग कालावधीनं अगदी छोटा. तरीही रत्नागिरीत तुम्ही कुठल्याही घरात जा, ‘सारेगमपवाली पल्लवी’ असंच म्हणतील. म्हणजे कारकिर्दीचा जो तुकडा सर्वांत कमी लिहिला गेला, तो लोकांनी सर्वांत जास्त लक्षात ठेवला. असं का झालं, हा आमचा पहिला प्रश्न. आणि त्या तुकड्यात चांगलं काय होतं, खुपणारं काय होतं, हा दुसरा.

आता थोडं मागे जाऊ. मुलांशी यंत्रातून बोलणाऱ्या माणसाला मराठीत नेहमी नात्याचं नाव लागतं. टीव्ही यायच्या आधी रेडिओ होता. पुणे आकाशवाणीवर गोपीनाथ तळवलकर ‘बालोद्यान’ चालवायचे. ‘आनंद’ मासिकाचे संपादक, कवी, लेखक, मोठा माणूस. पण मुलांसाठी ते ‘नाना’. मग २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, ‘किलबिल’सारखा मुलांचा कार्यक्रम आला. आपल्याकडे चित्र धड दिसायला पुढे बरीच वर्षं गेली. अँटेना फिरवायला एकजण कौलांवर आणि “आलं का?” विचारायला एकजण खाली, हे तुम्हाला सांगायला नको.

रेडिओवरचे नाना आणि टीव्हीवरची ताई यांत एक मोठा फरक आहे. नानांच्या समोर बसलेल्या मुलांना काही गमवायचं नव्हतं. कविता म्हणायची, गोष्ट सांगायची, घरी जायचं. पुढच्या आठवड्यात दुसरी मुलं. २००८ साली मात्र मुलांचा कार्यक्रम म्हणजे स्पर्धा होती. आठ ते चौदा वयाची मुलं, दर आठवड्याला निकाल, लोकांची मतं, आणि कोणीतरी बाहेर जाणार. नाना फक्त स्वागत करायचे. ताईला स्वागतही करायचं आणि निरोपही द्यायचा. हे काम कठीण आहे, आणि सूत्रसंचालनाची आपली नेहमीची मोजपट्टी, म्हणजे उच्चार स्वच्छ, साडी छान, विनोद बरा, ही इथं कमी पडते.

आम्ही काहीजणांनी गेल्या उन्हाळ्यात ते जुने भाग जमतील तेवढे पुन्हा बघितले. बघताना गाणी बाजूला ठेवली. म्हणजे ठेवायचा प्रयत्न केला, सगळीकडे नाही जमलं. आणि फक्त ताईकडे लक्ष दिलं. आमच्या मते तिची कामं तीन होती.

पहिलं काम, मुलाला विंगेतून माइकपर्यंत आणणं. हे दहा-बारा पावलांचं अंतर. नवख्या गायकाची छाती याच अंतरात धडधडते. मोठ्यांच्या स्पर्धेत निवेदक या वेळात गायकाची स्तुती करतो. लहान मुलाची स्तुती केली की ते बिचकतं, कारण आता स्तुतीला जागायला हवं असं त्याला वाटतं. त्यापेक्षा त्याला भलतंच काहीतरी विचारावं. शाळेत काय झालं, डबा काय आणलास, ताप उतरला का. पल्लवी जोशी हे वारंवार करताना दिसतात. बघणाऱ्याला वाटतं गप्पा चालल्यात. प्रत्यक्षात मुलाचा श्वास जागेवर येतोय. ‘अंताक्षरी’त अन्नू कपूरांबरोबर त्या सूत्रसंचालन करायच्या तेव्हा समोर मोठी माणसं होती आणि कार्यक्रमाचा जीव होता वेगात. इथं तो वेग त्यांनी जाणूनबुजून खाली आणला, असं आमचं वाचन.

दुसरं काम, गाणं संपल्यावर आणि गुण येण्याआधीचा वेळ सांभाळणं. या वेळात मूल सगळ्यात उघडं असतं. गाण्याची जादू संपलेली, निकाल यायचाय, कॅमेरा तोंडावर. इथं काही क्षण काहीच न बोलण्याला फार किंमत आहे. ‘अल्पविराम’ मालिकेत कोमात गेलेल्या मुलीची भूमिका ज्या अभिनेत्रीनं केली तिला न बोलणं म्हणजे काय हे शिकवायला नको. इथं त्या मुलाच्या शेजारी उभ्या राहतात, आणि त्याच्या आणि परीक्षकांच्या मधे येत नाहीत. परीक्षक चूक सांगत असताना निवेदकानं विनोद केला तर चूक हलकी होते, पण मूलही हलकं होतं. त्याला कळतं की आपलं चुकणं ही गंमत आहे. हा मोह त्या बऱ्याच वेळा टाळताना दिसतात. प्रत्येक वेळी नाही. अशा कार्यक्रमाच्या रगाड्यात प्रत्येक वेळी कोणालाच जमणार नाही.

तिसरं काम, निरोप. याबद्दल सावकाश बोलू, कारण खरी अडचण इथं आहे.

त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. पल्लवी जोशी स्वतः बालकलाकार होत्या. सत्तरच्या दशकात हिंदी चित्रपटांत लहान मुलांच्या भूमिका करत होत्या. त्यांचा भाऊ अलंकार, म्हणजे मास्टर अलंकार, १९७५ च्या ‘दीवार’मधला लहानपणीचा विजय. तो हातावर गोंदलेला मुलगा आठवतो ना? तोच. ज्या घरातली दोन-दोन मुलं दिव्यांखाली वाढली, त्या घरातल्या मुलीला स्टुडिओतलं बालपण बाहेरून समजून घ्यावं लागत नाही. रात्री उशीर झाल्यावर मूल चिडचिडं होतं, भूक लागली तरी सांगत नाही, आईकडे बघतं आणि आई प्रेक्षकांत बसून हसायला सांगते, हे तिनं आतून पाहिलेलं असणार. ‘असणार’ म्हणतोय आम्ही. पण पडद्यावर जे दिसतं त्याला हे अनुमान जुळतं.

आता खुपणाऱ्या गोष्टीकडे येतो. टोपणनावं.

सगळी तोंडपाठ आहेत तुम्हाला. मुग्धा म्हणजे? (सभागृहातून : “मॉनिटर!”) रोहित? (“रॉकस्टार!”) आर्या? (“प्रिटी यंग गर्ल!”) आणि आपला प्रथमेश? (“मोदक!”) बघा. सोळा-सतरा वर्षं उलटली. ते काय गायले हे विचारलं असतं तर एवढ्या झटकन उत्तर आलं असतं का? आणखी एक सांगतो. त्याच पर्वात आपल्या रत्नागिरीची शमिका भिडे होती. ती ‘कोकणकन्या’.

ही नावं नेमकी कोणाच्या डोक्यातून आली, त्यात आम्ही शिरत नाही. असा कार्यक्रम एकट्याचा नसतो; लेखक असतो, दिग्दर्शक असतो, वाहिनी असते. पण रोज मुलाला त्या नावानं हाक मारण्याचं काम ताईचं. म्हणून समीक्षा तिथंच लागू होते.

नावं नीट बघा. ‘रॉकस्टार’ हे नाव गाण्यावरून आलं. रोहित तसा गायचा, त्याला तसं म्हटलं. ‘मॉनिटर’ हे वागण्यावरून. सगळ्यांत धाकटी आणि सगळ्यांवर लक्ष ठेवणारी. ‘प्रिटी यंग गर्ल’ हे दिसण्यावरून. आणि ‘मोदक’? हे गावावरून, किंवा अंगलटीवरून, किंवा दोन्हींवरून. चार नावांत गाण्यावरून आलेलं नाव एकच. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा नाट्यपदं गातो, अभंग गातो, गळ्यात फिरत आहे, लयीत पक्का आहे, आणि त्याची ओळख काय, तर तांदळाच्या उकडीचा पदार्थ. कोकणातला मुलगा म्हणजे मोदक आणि कोकणातली मुलगी म्हणजे रात्री मुंबईहून सुटणारी गाडी! (हशा) हसू येतं हो, आम्हालाही येतं. पण हे कोकण कोणाच्या नजरेतलं? मे महिन्यात चार दिवस येणाऱ्याच्या नजरेतलं. खायचं आणि परतीचं तिकीट काढायचं. आपण त्या वेळी टाळ्या वाजवल्या, कारण टीव्हीवर ‘रत्नागिरी’ हा शब्द ऐकू आला यातच आपल्याला सगळं मिळालं.

याच्या विरुद्ध बाजूही मांडायला हवी. टोपणनाव ही आपल्याकडे मायेची रीत आहे. घरोघरी एक बाळ्या असतो, एक चिंगी असते, पन्नाशीचा ‘बाबू’ असतो. ताईनं नाव ठेवलं म्हणजे मुलाला घरात घेतलं. शिवाय टोपणनावाची मुलाला ढाल होते, असंही आमच्यातल्या एका मित्राचं म्हणणं. हरला तर मोदक हरला, प्रथमेश नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. मंचावर त्या मुलांचे चेहरे बघितले तर नावानं ती खुलतानाच दिसतात.

पण घरातलं टोपणनाव उंबऱ्याबाहेर पडत नाही. शाळेच्या हजेरीपटात चिंगीचं नाव वेगळं असतं. तिला दोन नावांत वावरता येतं, कुठलं कधी घालायचं हे कळतं, लग्नानंतर एक नाव माहेरीच ठेवता येतं. टीव्हीवरचं नाव आधी पोचतं आणि माणूस मागून. डिसेंबर २०२३ मध्ये मुग्धा आणि प्रथमेश यांचं चिपळुणात लग्न झालं. दोघंही तोवर रियाज केलेले, मैफली करणारे गायक. आणि आमच्याकडे आलेल्या निम्म्या शुभेच्छांत काय होतं? मॉनिटर आणि मोदक. मायेनंच लिहिलेलं, त्यात वाईट काही नाही. पण पंधरा वर्षं ते नाव पुसलं गेलं नाही, एवढं तर दिसतंच.

आता तिसरं काम, निरोप.

२००८ हे साल आठवा. त्याच वर्षी कोलकात्यातल्या एका किशोरवयीन मुलीची बातमी देशभर गाजली होती. रिअ‍ॅलिटी शोमध्ये परीक्षक रागावले आणि नंतर ती आजारी पडली, बोलेनाशी झाली, अशी ती बातमी. आजाराचं खरं कारण काय यावर पुढे डॉक्टरांची वेगळी मतंही आली. पण त्या बातमीनं एक प्रश्न उभा केला. मुलांशी मंचावर कसं बोलायचं, याला काही नियम आहे का? राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोग २००७ सालीच स्थापन झाला होता. मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांतल्या सहभागाबद्दल त्याची मार्गदर्शक तत्त्वं नंतर आली. बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांत बालकलाकारांसाठी कलमं आली. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी, मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावानं मुदत ठेवीत ठेवायचा, जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. हे सगळं लिटिल चॅम्प्सच्या त्या पर्वानंतर आठ-नऊ वर्षांनी. नियम चांगलेच आहेत. तास मोजता येतात, पैसे मोजता येतात. पण “आज तुझा इथला प्रवास संपला” हे नऊ वर्षांच्या मुलीला कोणत्या आवाजात सांगायचं, हे कुठल्या नियमात लिहिणार? ते त्या वेळी उभ्या असलेल्या बाईवर असतं.

पल्लवी जोशी हे कसं करायच्या? आम्हाला जे दिसलं ते सांगतो. निकाल सांगताना त्या मुलाच्या पातळीवर येतात, खांद्यावर हात असतो, आणि निकालानंतर मुलाला रडायला वेळ देतात. ‘रडायचं नाही हं’ असं दामटत नाहीत. हे चांगलं. पण याच वेळी कॅमेरा काय करतो? आईच्या चेहऱ्यावर जातो, बाबांच्या रुमालावर जातो, बाकीच्या मुलांच्या डोळ्यांवर जातो, आणि मागून सुरावट सुरू होते. ताईचा हात खांद्यावर आहे आणि तोच हात त्या चित्रातला सर्वांत हृदयद्रावक भाग झालाय. म्हणजे माया खरी, पण मायेचं चित्रीकरण चालू. ताई जितकी चांगली तितकं ते दृश्य परिणामकारक. ताई कोरडी असती तर आपल्याला त्या स्पर्धेची क्रूरता लगेच टोचली असती. तिच्या मायेमुळे आपण ती सहज गिळली, वर डोळे पुसले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बसलो.

ही आमची या कारकिर्दीवरची मुख्य तक्रार, आणि खरं तर ही व्यक्तीवरची तक्रार नाहीच. त्या जागेवर त्यांच्यापेक्षा चांगलं कोणी काम केलं असतं असं आम्हाला वाटत नाही. पण चांगल्या माणसानं एखादी चुकीची रचना सुसह्य केली, तर रचना बदलायची निकड संपते. समीक्षेनं हे सांगितलं पाहिजे.

२०२१ मध्ये ‘लिटिल चॅम्प्स’ पुन्हा आलं. या वेळी तेच पाचजण परीक्षकांच्या जागी बसले आणि सूत्रसंचालनाला मृण्मयी देशपांडे. समाजमाध्यमांवर लोकांनी तक्रार केली, हे फार कौतुक करतात, चुका सांगतच नाहीत. त्या तक्रारीत तथ्य नव्हतं असं नाही. पण आम्हाला वेगळं वाटलं. ज्या मुलांनी त्या दहा-बारा पावलांच्या अंतरात स्वतःची छाती धडधडताना ऐकलीय, त्यांना समोरच्या मुलाला झोडता येईना. पाचही परीक्षक ताई-दादा झाले, आणि मग सूत्रसंचालिकेला ताई म्हणून वेगळी जागाच उरली नाही. पूर्वी परीक्षक आणि मूल यांच्यामध्ये कोणीतरी मोठं माणूस उभं होतं. ते अंतर गेल्यावर कळलं की ती जागा किती महत्त्वाची होती. म्हणजे पल्लवी जोशी यांच्या कामाची खरी समीक्षा २०२१ नं केली म्हणा ना.

आता आमचं देणं.

या कार्यक्रमाचा परिणाम टीव्हीपुरता राहिला नाही, तो आपल्या मंडपात आला. गणपतीत, नवरात्रात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, सगळीकडे बालगायन स्पर्धा, त्यात फेऱ्या, त्यात ‘बाद’, आणि प्रत्येक निवेदकाच्या तोंडी टोपणनावं. आमच्याही आळीत सुरू झाली. निवेदक अर्थात आम्ही. पहिल्याच वर्षी एक नऊ वर्षांचा मुलगा आला. बुजरा, घुम्या, पण तोंड उघडलं की आतून गोड आवाज. आम्ही माइकवरून म्हटलं, “आला आमचा फणस! वरून काटे, आत गरे!” मंडप हसला. आम्हाला वाटलं काय सुचलंय! दुसऱ्या फेरीत तो शब्द विसरला आणि बाद झाला. आम्ही खांद्यावर हात ठेवला, अगदी टीव्हीत बघितला होता तसा. हळू आवाजात सांगितलं. तो रडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे महिनाभर शाळेत पोरं त्याला ‘फणस’ म्हणत होती. एके दिवशी त्याची आई आमच्या पडवीत आली. भांडायला नव्हती आली. पायरीवर बसली आणि म्हणाली, “तात्या, तुमच्या हातात कागद होता. त्याच्यावर त्याचं नाव लिहिलेलं होतं ना?”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. नाव लिहिलेलं होतं. तो मुलगा पुन्हा स्पर्धेला आला नाही. पुढे गातो की नाही, माहीत नाही. आमच्यासमोर तरी गात नाही.

तेव्हा आजचं हे बोलणं पल्लवी जोशी यांच्याविषयी जेवढं आहे तेवढंच त्यांची नक्कल करणाऱ्या आम्हा गावोगावच्या निवेदकांविषयी आहे. आम्ही त्यांच्यातलं सोपं उचललं, टोपणनाव आणि खांद्यावरचा हात. कठीण होतं ते राहिलं. मुलाचा श्वास जागेवर आणणं राहिलं, गाण्यानंतर गप्प बसणं राहिलं, परीक्षक आणि मूल यांच्यामध्ये उभं राहणंही राहिलं. यंदा आमच्या मंडळानं ठरवलंय. मुलाचं पूर्ण नाव घ्यायचं, त्याचं गाणं कोणी शिकवलं त्याचं नाव घ्यायचं, फेऱ्या ठेवायच्या नाहीत, ज्यानं नाव दिलं तो दोन गाणी म्हणणार. क्रमांक काढायचेच असले तर शेवटी, मुलं प्रसाद खाऊन झाल्यावर. गर्दी कमी होईल म्हणतात. होऊ दे.

प्रश्न असतील तर विचारा.

(श्रोत्यांतून एक बाई : “पण तो कार्यक्रम नसता तर आरवलीचा मुलगा महाराष्ट्राला कळला असता का?”)

नसता कळला, ताई. निदान इतक्या लवकर नसता कळला. हे कबूल केल्याशिवाय आमचं बोलणं प्रामाणिक होणार नाही. आपल्याकडे शिकवणारे होते, नाट्यसंगीताची आवड होती, खल्वायनसारख्या संस्था होत्या, देवळांत भजनं होती. पण इथला आवाज घाटावर पोचायला दुसरी गाडी नव्हती. त्या मंचानं ती दिली. आणि त्या मंचावर मुलांना सांभाळणारं माणूस चांगलं होतं म्हणून आज पाचहीजण गाण्यात टिकून आहेत, असं आम्हाला वाटतं. बाद झालेल्यांतली किती टिकली, हेही कधीतरी कोणीतरी बघावं. ‘कोकणकन्या’ टिकली, याचा आम्हाला आनंद आहे. तिचं नाव शमिका भिडे.

थांबतो आम्ही. नमस्कार.